सगळ्यांच्या पायांची खडाव

मित्रांनो, मी एक जुनी खडाव आहे. जुनी तर आहेच, पण त्याहून जास्त मी संतापलेली आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा गळा काढतात. माझ्याकडून तशी अपेक्षा करू नका. माझ्यामुळे एका बाईचं घर आणि पोटाची भाकरी जायची वेळ आली होती, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. ज्यांचा होता, ते पाटावर बसून भात कालवत होते.

माझा जन्म औंधजवळच्या एका खेड्यात कोंडीबा सुताराच्या पडवीत झाला. शिवणीच्या लाकडाचे दोन तुकडे त्याने तासले, पावलाच्या आकाराचे केले, घासून गुळगुळीत केले आणि पुढच्या बाजूला एकेक गोल डोक्याची खुंटी बसवली. मी उजवी, आणि माझी जोडीदारीण डावी. ही खुंटी पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बसते. त्यामुळे माणसांच्या बेचक्यांत काय काय दडलेलं असतं, ते मला जितकं ठाऊक आहे तितकं त्यांच्या आईलाही ठाऊक नसेल. कोंडीबाने आम्हाला तीळतेल पाजलं आणि यमाईच्या यात्रेत विकायला मांडलं. तिथे सांगलीचे विष्णुपंत आम्हाला उलटून पालटून बघू लागले.

"घ्या की वो," कोंडीबा म्हणाला. "ह्या घालून काशी करून या. झिजल्या तर माझं नाव बदला."

"काशी लांब राहिली," विष्णुपंत म्हणाले. "मला मोरीपर्यंत जाऊन आलं तरी पुरे."

ते साल बेचाळीस होतं. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती. तरी विष्णुपंतांची खाणावळ जोरात चालली होती. सांगलीत कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात ती होती. कारकून, मास्तर, शिकणारी मुलं असे वीस-बावीस जण दोन्ही वेळा जेवायला येत, काही जण वरच्या खोल्यांत राहतही. खाणावळ कडक सोवळ्याची. चपला, बूट, जे काही कातड्याचं असेल ते ओटीबाहेर. आत आल्यावर विहिरीकडे किंवा परसदारी जायचं तर पायात फक्त लाकूड चाले. म्हणून आम्हाला मोरीच्या तोंडाशी ठेवलं. सगळ्या खाणावळीत एकच जोडी, सगळ्यांसाठी.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "काय टणक लाकूड आहे!" असं जो तो म्हणे, आणि मीही फुशारले. मूर्ख होते.

आता त्या घरातली खोड सांगते. जो कोणी मला पायात घालायचा, तो आधी माझ्यावर तांब्याभर पाणी ओतायचा. पाय काढले की पुन्हा तांब्याभर. आधीच्याचा विटाळ पाण्याने गेला, झालं शुद्ध! पुढचा आला की पुन्हा तेच. मला दिवसभरात जेवढ्या आंघोळी घडत, तेवढ्या घाटावरच्या भटजींनाही घडत नसतील. पण मला कधी कुणी पुसलं? कधी उन्हात उभं केलं? नाव नको. ओलं म्हणजे स्वच्छ, अशी त्या शहाण्यांची समजूत. पाणी पिऊन पिऊन माझं लाकूड काळं पडलं. खुंटीच्या बुडाशी बुळबुळीत थर जमला. वर्षानुवर्षं मी कोरडी म्हणून झालेच नाही.

आणि मग चिंतामण आला.

चिंतामण साताऱ्याचा. सांगलीत एका वकिलाकडे कारकून म्हणून लागला आणि खाणावळीच्या वरच्या खोलीत राहू लागला. भांग काढलेला, कोटाची इस्त्री मोडणार नाही असा बसणारा. संध्याकाळी कॅनव्हासचे बूट घालून मैदानावर खेळायला जायचा. पावसात भिजलेले तेच बूट, घामेजलेले तेच मोजे दुसऱ्या दिवशी पुन्हा पायात. वरून बघाल तर लग्नाला निघालेला नवरदेव, पण त्याचा पाय माझ्यावर पडला तेव्हा मला शिसारी आली. करंगळीपासून प्रत्येक बेचक्यातलं कातडं पांढरंफटक, भिजलेल्या पोह्यांसारखं फुगलेलं. मध्ये चिरा. वास असा की काय सांगू! ह्याला चिखल्या म्हणतात, मित्रांनो. चिखलात न जाताही होतात.

ह्या गृहस्थाने काय करावं? वैद्याकडे जावं, डॉक्टरकडे जावं. छे! खाज सुटली की तो मोरीत उभा राहायचा, आजूबाजूला कुणी नाही असं बघायचा आणि आपली बेचकी माझ्या खुंटीवर घासायचा. करकरून घासायचा, डोळे मिटून, सुखाने. मग माझ्यावर तांब्याभर पाणी ओतून निघून जायचा. त्याच्यामागून येणारा मास्तर त्याच खुंटीत पाय घालायचा. शिवाय मोरीच्या दाराशी पाय पुसायला एकच पंचा टांगलेला, सदा ओला. महिन्याभरात निम्मी खाणावळ कचेरीत टेबलाखाली, घरी गादीवर, पाटावर चोरून पाय खाजवू लागली. एकमेकांना मात्र कुणी बोलेना. पायाला काही झालं तर लाज वाटते माणसांना. पाय काय चोरीचे असतात?

आता गोदावरीबाईंबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

गोदावरीबाई खाणावळीतल्या स्वयंपाकीण. मूळच्या वाईच्या. नवरा गेल्यावर लहानग्या क्षमाला घेऊन विष्णुपंतांकडे आल्या आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहू लागल्या. क्षमा मुलींच्या शाळेत जायची. बाईंच्या हाताला चव अशी की लोक आमटी पिऊनच उठत. पण त्यांच्या पायांकडे कोण बघणार? पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, सोवळ्याचं सुती लुगडं नेसायचं आणि चुलीपुढे बसायचं. पावसाळ्यात ते लुगडं वाळत नसे. मग ओलंच नेसायचं. ओल्या काठातून पाणी पायांवर निथळत राहायचं ते दुपारपर्यंत.

आणि जेवणारे पुरुष? ते रेशमी मुकटे नेसून बसत. रेशमाला रोज धुवावं लागत नाही, तरी ते सोवळ्यात चालतं. म्हणजे कोरडं सोवळं पुरुषांना आणि ओलं सोवळं बाईला! हा नियम कुठल्या देवाने केला ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सेहेचाळीस सालच्या श्रावणात बाई मोरीतल्या शेवाळावरून घसरून पडल्या. विष्णुपंत धावत आले.

"गोदावरीबाई, अनवाणी नका येत जाऊ इथे. त्या खडावा घालत जा. तुम्ही मोडलात तर स्वयंपाक कोण करील?"

त्यांची ही दया. पायाची नाही, स्वयंपाकाची. पण बाईंनी ऐकलं आणि त्या दिवसापासून तेही पाय माझ्यावर पडू लागले. आधीच भिजून मऊ पडलेले पाय ते. मला ओरडावंसं वाटे, "नका घालू, मी स्वच्छ नाही!" पण लाकडाला तोंड कुठे असतं? आठ-दहा दिवसांत बाईंच्या बोटांत खाज सुटली. मग कातडं फुगलं, चिरलं. मिरची वाटताना पाट्यावरचं पाणी पायावर उडालं की बाई ओठ चावायच्या.

बाईंची एकच मैत्रीण होती, हरणाबाई. जतकडच्या माळावरची धनगरीण. आठवड्याला तूप घेऊन यायची आणि मागच्या दाराशी बसायची. हरणाबाईच्या हातचं तूप त्या घराला चालायचं, पण हरणाबाई उंबऱ्याच्या आत चालायची नाही. तेही एक शास्त्रच! तिने बाईंचे पाय बघितले.

"आवं ताई, किती दिस झालं ह्ये? बिबा लावा. आमच्यात पायाला भेगा पडल्या की बिबाच लावत्यात. एका रातीत जळून जातंय समदं."

प्रेमाने बोलली, पण चुकीचं बोलली, आणि मी तिलाही सोडणार नाही. बिब्याचं तेल म्हणजे आग. सुजलेल्या, चिरलेल्या नाजूक कातड्यावर ते लागलं आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या पावलांवर फोड आले, भोवती काळे डाग पडले, अंगठा सुजून भोपळा झाला. रोगापेक्षा औषध भयंकर! खाज घेऊन कष्ट करणारी बाई आता लंगडत कष्ट करू लागली.

आणि ते चिंतामणने बघितलं.

दुपारची पंगत बसली होती. बाई आमटी वाढत होत्या. काठ जरा वर सरकला.

"थांबा," चिंतामण म्हणाला. "गोदावरीबाई, पाय दाखवा."

बाईंनी काठ खाली ओढला.

"लपवता कशाला? हे काळे डाग, हे फोड! विष्णुपंत, हा महारोग आहे, महारोग! आम्हा सगळ्यांना पायाला खाज का सुटलीय ते कळलं आता. आणि ह्यांच्या हातचं आम्ही दोन्ही वेळा खातोय!"

मी मोरीतून बघत होते. सारी पंगत थांबली. हात पानातल्या पानात राहिले. मधुकर नावाचे चित्रकलेचे मास्तर होते, भला माणूस म्हणवायचे. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना माहीत होतं की त्यांचे स्वतःचे पाय बाईंच्या आधीपासून खाजत आहेत. सगळ्यांनाच माहीत होतं. एकजण बोलला असता तर पुरलं असतं. कुणीही बोललं नाही. अर्धी जेवणं टाकून ती माणसं उठली, मोरीत आली, माझ्यावर पाणी ओतून त्यांनी मला पायात घातलं आणि विहिरीवर हात धुवायला गेली. त्या दिवशी माझी खुंटी मोडून त्यांच्या बोटांत रुतावी असं मला वाटलं. खरंच वाटलं.

संध्याकाळी विष्णुपंत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"मी काही म्हणत नाही हो. पण लोकांकडे बघावं लागतं. रविवारची पंगत उरका आणि वाईला दिरांकडे जा."

"दीर दारात उभं करणार नाहीत, पंत. महारोग म्हटल्यावर कोण करील? आणि क्षमाची शाळा?"

"माझा इलाज नाही," असं म्हणून ते गेले. वर्षानुवर्षं त्या बाईने रांधलेलं जेवले आणि तिच्या पायाकडे नीट बघायला एक पाऊल पुढे आले नाहीत.

शनिवारी हरणाबाई आली. बाईंचे पाय बघून तिने कपाळावर हात मारला. "माझ्यापायी झालं ह्ये. लय मोठी चूक झाली. उठा ताई. गावभागात त्या डागदरीणबाई हाईत, त्यांच्याकडं चला. मी बी येती."

"आणि त्यांनीही तेच सांगितलं तर?"

"सांगू द्या की! न बघता हाकलण्यापरीस बघून सांगितलेलं बरं."

फोडांमुळे बाईंना भुई सोसवेना. त्यांनी आम्हाला पायात घातलं आणि अशा रीतीने मी प्रथमच त्या बोळाबाहेर पडले. पाऊल पाऊल त्या कण्हत होत्या. त्यांच्या अंगाचा थरकाप माझ्या लाकडात उतरत होता. तो दुखण्याचा नव्हता, भीतीचा होता.

डॉक्टर चारुलता तरुण होत्या, पुण्याला शिकून आलेल्या. त्यांनी बाईंना बाकावर बसवलं आणि दोन्ही पाय सरळ आपल्या मांडीवर घेतले. बाई दचकल्या. त्यांच्या पायाला कित्येक दिवसांत कुणी हात लावला नव्हता.

"डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

"लागला. करंगळीपाशी. आता अंगठ्यापाशी. बाई गं, आग होतेय!"

"होऊ दे आग! कळतंय ना? महारोगाच्या डागावर बहुधा स्पर्श कळतच नाही. शिवाय अंगावर दुसरीकडे कुठे चट्टा नाही, नसा सुजलेल्या नाहीत. तुम्हाला महारोग नाही. ह्या साध्या चिखल्या आहेत. शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना, तशीच बुरशी ओल्या बोटांत वाढते. काळं झालंय ते बिब्याने भाजल्यामुळे." मग जरा रागाने त्या म्हणाल्या, "आणि महारोग असता, तरी माणसाला औषध द्यायचं असतं, हाकलायचं नसतं."

बाईंनी पदर तोंडात कोंबला आणि त्या रडल्या. हरणाबाईही रडली. मग डॉक्टरांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी मला उचललं आणि खुंटीच्या बुडाशी नखाने खरवडलं. काळपट बुळबुळीत गोळा निघाला.

"ह्या खडावा कुणाच्या?"

"सगळ्यांच्या," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांच्या! आणि पुसता कशाने? तेही सगळ्यांचं एकच असेल."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते नीट ऐका, कारण ते तुमच्याही पायांसाठी आहे. आधी भाजलेलं बरं होऊ द्यायचं, त्याला साधी पट्टी. मग रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतून स्वच्छ, सुक्या फडक्याने टिपायचं आणि सॅलिसिलिकचं मलम लावायचं. खाज थांबली की औषध थांबवायचं नाही. ती वरवर थांबते, मुळं आत राहतात. आणखी काही आठवडे लावायचं. दुसऱ्याचा पंचा, दुसऱ्याचे मोजे, दुसऱ्याच्या खडावा वापरायच्या नाहीत. पाय पुसायचं फडकं उकळायचं. बूट उन्हात वाळवायचे. "आणि एकट्या तुम्ही बऱ्या होऊन उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "घरातल्या सगळ्यांचे पाय बघायला हवेत. नाहीतर पुन्हा होईल."

रविवारी पंगत मांडली गेली. पाट, पानं, मीठ, लिंबू, सगळं जागच्या जागी. मंडळी मुकटे नेसून बसली. बाई आल्या. हातात भाताचं पातेलं नव्हतं, मी होते. पायाला पांढऱ्या पट्ट्या. त्यांनी मला पंगतीच्या मधोमध आपटलं.

"आज आधी पाय बघायचे, मग भात वाढायचा. मला महारोग नाही, डॉक्टरांनी तपासलंय. हा रोग ह्या खडावेतून फिरतोय. ज्यांच्या पायाला खाज आहे, त्यांनी पाय पुढे करा."

"हा काय तमाशा आहे?" चिंतामण ओरडला.

"तमाशा त्या दिवशी झाला, माझ्या पायांचा. तेव्हा तुम्ही हौसेने बघितलात. आज माझी पाळी."

विष्णुपंत उठू लागले. "गोदावरीबाई, शोभत नाही हे."

"पंत, ह्या घरात ओली मोरी मी घासली, तुमच्या सगळ्यांच्या पायांचं पाणी मी ढकललं. तेव्हा शोभत होतं? मला काढायचं असेल तर काढा. पण खोटा डाग घेऊन मी जाणार नाही. माझ्या मुलीच्या कपाळी तो चिकटेल."

तेवढ्यात मधुकर मास्तरांनी खाली मान घालून आपला उजवा पाय मांडीखालून काढला आणि पुढे केला. बेचकी पांढरी, चिरलेली. "मला आषाढापासून आहे," ते पुटपुटले. त्यांच्या शेजारच्याने काढला, मग पलीकडच्याने. बघता बघता पंगतीत पायांची रांग लागली. शेवटी विष्णुपंत सावकाश खाली बसले आणि त्यांनीही पाय लांब केला. त्यांचीही तीच गत!

चिंतामण तेवढा मांडी घट्ट घालून बसला होता. "मी असल्या प्रकारात नाही," असं म्हणून तो तरातरा उठला, आणि उठताना मुकटा वर घेतला. भर उजेडात साऱ्यांनी त्याचे पाय पाहिले. बेचकीच काय, तळवेसुद्धा सालपटलेले.

त्या दिवशी मुद्दाम आलेली हरणाबाई मागच्या दारातून ओरडली, "आगं बया! ह्याचं तर समद्यात जुनं हाय! आन् हाच गडी बोंब मारत होता व्हय?"

चिंतामण त्याच दिवशी ट्रंक घेऊन गेला. दुसऱ्या एका खाणावळीत राहायला लागला असं ऐकलं. पायांना औषध न लावताच. तिथल्या खडावेचं काय होत असेल, ह्या विचाराने माझं लाकूड अजून तडकतं.

विष्णुपंतांनी आम्हाला रागाने परसात भिरकावलं. डावी बंबाखाली जळाली. मी कौलांवर अडकले आणि तिथेच राहिले. पाणी ओतलं त्यांनी, खाजवलं त्यांनी, आणि राग खडावेवर! पण कौलांवरच्या उन्हात मी एकदाची वाळले. तिथून मी खालचं सगळं बघत होते. प्रत्येकाचा वेगळा पंचा दोरीवर आला, सोड्यात उकळून. मोरीतलं शेवाळ खरवडलं गेलं. पाय धुऊन झाले की माणसं खाली वाकून बोटं टिपू लागली. बाईंनी अट घातली, "मला कोरडं सोवळं हवं," आणि विष्णुपंतांनी मुकाट्याने लोकरीची धाबळी आणून दिली. दिवाळीपर्यंत बहुतेकांचे पाय बरे झाले. पुढे नव्या माणसाला विष्णुपंत छाती फुगवून सांगत, "आमच्याकडे पायांच्या बाबतीत शिस्त कडक आहे हो!" जणू काही ती त्यांनीच लावली!

आणि माफी? मित्रांनो, कुणीही मागितली नाही. ना मास्तरांनी, ना पंतांनी. दिवाळीच्या फराळाला विष्णुपंत एवढंच म्हणाले, "चला, झालं गेलं गंगेला मिळालं."

बाई चकल्या काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "गंगेला नाही, पंत. माझ्या पायांना मिळालं. क्षमाबरोबर शाळेत अजून कुणी डबा खात नाही."

विष्णुपंत फराळाचं ताट तसंच ठेवून उठले आणि माडीवर गेले.

म्हणून सांगते, मित्रांनो, गोड बोलून नाही, रागावूनच सांगते. आंघोळ झाली की बोटांच्या बेचक्यांतून पाय कोरडे करा. ओले बूट, ओले मोजे घालू नका. खाज सुटली तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तुमची मोरी धुणाऱ्या बाईच्या पायांकडे बोट दाखवायची हौस आलीच, तर आधी तिच्यासमोर बसा आणि आपले मोजे काढा.